कु. अबोली कर्णिक, रॉक गायन

इरा कर्णिकने आईला सांगून टाकलं, की बाबांचं अर्धवट राहिलेलं गाणं ती सोसायटीच्या सत्यनारायणापर्यंत पुरं करणार आणि त्या संध्याकाळी सगळ्यांना शेवटपर्यंत ऐकवणार. त्यात अवघड काय होतं? लॅपटॉप बाबांचा, गाणं बाबांचं, गाणारी मुलगीही बाबांनीच आणलेली. राहिली होती फक्त शेवटची ओळ.

चारुदत्त कर्णिकांनी द्रोणागिरीच्या बंदराजवळच्या गोदामातून निवृत्त झाल्यावर योगासनांऐवजी रॉक बँड काढला होता. बँडचं नाव ‘खाडीपूल’, सभासद एक. गिटार, ड्रम सगळं लॅपटॉपमध्ये. गाण्यासाठी एक जपानी सॉफ्टवेअर होतं. शब्द टाइप करायचे, सूर ठरवायचा, श्वास कुठे घ्यायचा तेही आखून द्यायचं, की आतली मुलगी गायला लागे. बाबांनी तिचं नाव अबोली ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या पूजेला त्यांनी तिचं गाणं द्यायचं म्हटलं, तर सेक्रेटरी काशिराम ठाकूरांनी नियम दाखवला. मशीनचं चालणार नाही, घरातलं माणूस पाहिजे. बाबा हसत परत आले होते. या पूजेला ते नव्हते.

म्हणून ‘गानार कोन हाय, ताई?’ असं काशिरामांनी विचारलं, तेव्हा इराने ‘अबोली, आमच्या घरातलीच’ एवढंच सांगितलं. पत्रिकेत छापायला त्यांना आडनाव हवं होतं. इरा अडखळली, तशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “कर्णिकच लिहा. शेवटी शेवटी माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलायचे.”

काशिरामांचं पेन थांबलं. “म्हंजे... सायबांचीच?”

“बाबांचीच,” इरा म्हणाली. लिहून घेऊन ते चहा न पिता गेले.

पत्रिका घरोघर पोचली आणि बी विंगला जे आधीपासून वाटत होतं ते पक्कं झालं. खालच्या मजल्यावरच्या सुमतीकाकू बरेच दिवस कान देऊन होत्या. शेवटची ओळ काही केल्या बसत नव्हती. सूर जमला की श्वास चुके, श्वास जमला की अबोली उचकी लागल्यासारखी गाई. इरा काहीतरी सरकवून पुन्हा लावी. त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कर्णिकांच्या गॅलरीतून एक तरुण मुलगी आर्त आवाजात विनवत होती, ‘दार उघडा, मी आले आहे, माझं नाव विचारू नका.’

यातून कोणीही जो अर्थ काढला असता, तोच सुमतीकाकूंनी काढला. त्या डब्यात शिरा आणि बाटलीत घशाचा काढा घेऊन वर आल्या, आईजवळ बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

“नीता, मन मोठं केलंस हो. दुसरी असती तर घरात ठेवली नसती.”

आईला वाटलं, विषय लॅपटॉपचा आहे. निम्मं जेवणाचं टेबल त्यानेच अडवलं होतं. “काय करणार,” ती म्हणाली, “अडचण होते खरी. पण ह्यांची आठवण. टाकवत नाही.”

“मूळची कुठली?”

“जपानची म्हणे.”

सुमतीकाकूंनी पाण्याचं भांडं एका दमात संपवलं. द्रोणागिरी, बंदर, परदेशी बोटी. तरीच! जाताना त्यांनी बेडरूमच्या बंद दाराकडे पाहून हलक्या आवाजात सांगितलं, की तिला पोटभर खायला घालत जा आणि जरा विश्रांती दे.

पूजेच्या दिवशी मांडवात कधी नव्हे एवढी गर्दी झाली. आरत्यांना न येणारेही पुढच्या खुर्च्या धरून बसले होते. शेवटची ओळ इराला त्याच संध्याकाळी जमली होती. वेगळं रेकॉर्डिंग करायला वेळ उरला नव्हता. तिने लॅपटॉप तसाच उचलून आणला, स्टेजवरच्या टेबलावर ठेवला, स्पीकरला जोडला आणि माइकवर म्हणाली, “ही अबोली.”

मागून कोणीतरी विचारलं, “मग जपानची कुठाय?”

काशिराम शाल आणि नारळ घेऊन उभे होते. प्रमुख पाहुण्यांना लवकर निघायचं असल्यामुळे सगळे सत्कार आधीच उरकायचे असा त्यांच्याकडचा शिरस्ता होता. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं. नाव छापलेलं होतं. पाहुण्यांनी लॅपटॉपवर शाल पांघरली, पुढे नारळ ठेवला आणि नव्या पिढीच्या कलेवर बोलायला सुरुवात केली. ते ऐसपैस बोलले. लॅपटॉपचा पंखा शालीखाली घुमत राहिला. इराने शाल काढायला हात पुढे केला, तर काशिराम कुजबुजले, “पावने समोर बसलेत ताई. सत्काराची शाल अशी काडतात काय?”

तिने शालीखाली हात घालून गाणं सुरू केलं. गिटार कडाडली, लहान मुलं खुर्च्यांवर चढली, गेल्या वर्षी नकार देणारे काशिराम पायाने ठेका धरू लागले. इरा लोकांचे चेहरे बघत होती. ऐकत होते. खरंच ऐकत होते. अबोली शेवटच्या कडव्याला आली, ‘दार उघडा’ म्हणाली आणि थांबली.

इराने शाल ओढून काढली. लॅपटॉप इस्त्रीसारखा तापून बंद पडला होता. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. आता कोणीतरी टाळी वाजवेल आणि संपेल.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून सुमतीकाकूंनी ओळ उचलली. ‘मी आले आहे, माझं नाव विचारू नका.’ श्वास त्यांनी बरोबर तिथेच घेतला, जिथे घ्यायला इरा अबोलीला इतके दिवस शिकवत होती. मग शेजारची बाई, मग सगळी बी विंग. ओळ पाठ नाही असा त्या विंगेत माणूसच नव्हता! दुसऱ्या फेरीला टाळ आले, तिसऱ्या फेरीला रॉक पूर्णपणे गेला आणि पाहुण्यांनी डोळे मिटून हात जोडले. शेवट मात्र झाला. इराने नारळ उचलला.

दुसऱ्या दिवशी सुमतीकाकू जिन्यात भेटल्या. जपानचा विषय त्यांनी काढला नाही. “ती ओळ गुरुवारच्या भजनात घेतोय आम्ही,” त्या म्हणाल्या. “पण फार वर जाते गं. तुझ्या त्या पोरीला जरा खालच्या पट्टीत गायला सांग ना. आम्हाला सोबत होईल.”

इराने घरी येऊन लॅपटॉप लावला आणि ती ओळ खाली आणली. त्याला एक मिनिटही लागलं नाही. मग तिने आवाज मोठा करून ऐकून पाहिलं, ‘दार उघडा, मी आले आहे.’

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “सुमती आली का गं? थांबव तिला, चहा टाकते.”