पास झालेल्यांची यादी

पौर्णिमानं ठरवलंच. सासऱ्यांना एका शब्दात गार करायचं! शब्दही त्यांच्याच आवडीचा, इंग्रजी: पास!

झालं असं की तिसरीतल्या प्रणालीला गणितात वीसपैकी सहा मिळाले. किसनरावांनी दुधात पडलेली पाल धरावी तसा तिचा पेपर चिमटीत धरला.

"आमच्या घरात सारे पयल्या झटक्यात पास होतेत! हे पोट्टी कोनावर गेली? रविवारी सीमा येऊन राह्यली. मास्तरीन आहे थे. धाडून देऊ अकोल्याले तिच्यासंग!"

आठ वर्षांची पोर! अजून वेणी घालता येत नाही, भाजीतली मिरची ओळखता येत नाही, आणि हिला आत्याकडे ठेवायचं? पौर्णिमाचं डोकं असं तापलं की वर भाकरी टाकली असती तर फुगली असती. नवऱ्यानं मोबाईलमध्ये मान खुपसली. बाजूनं उभ्या राहिल्या त्या एकट्या सासूबाई, दुर्गाबाई.

"मी हाव न बाई. कुठी जाऊ देत नाही पोरीले!"

दुसऱ्याच दिवशी किसनरावांनी अकोल्याच्या शाळेसाठी प्रणालीचा जन्मदाखला काढायला सांगितला. पौर्णिमानं दात खात पत्र्याची पेटी उघडली, तर झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलेलं: 'मॅट्रिक, सन ७५. नंबर ४१६३७.' पेटीत सातबारे होते, बैलबाजाराच्या पावत्या होत्या, किसनरावांचे सगळे कागद होते. मॅट्रिकचं सर्टिफिकेट तेवढं नव्हतं!

"अस्सं!" पौर्णिमा म्हणाली.

'मैत्रिणीचं बाळ बघून येते' सांगून तिनं अकोल्याची बस पकडली. तिथल्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल देवीदासकाकांनी पंचाहत्तर सालच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा टेबलावर आदळला. धूळ अशी उडाली की दोघंही पाच मिनिटं नुसती शिंकत होती. 'मॅट्रिक पास' असा ठळक मथळा, खाली मुंग्यांच्या रांगेसारखे नंबर. ४१६३५, ४१६३६... आणि एकदम ४१६३९!

"काका, नापासांची यादी कुठे असते?"

"नसतेच ताई. 'पास' छापून येत होतं. 'नापास' कावून छापतीन? नंबर नाही दिसला का मानसानं आपलं समजून घ्यायचं अन् घरी जायचं!"

म्हणजे 'पास'ला 'ना' जोडून जो शब्द आपण घराघरांत पोरांच्या अंगावर ओरडलो, तो पेपरवाल्यांनी दारात उभा केला नव्हता! पौर्णिमानं फोटो काढला. परतीच्या बसमध्ये ती चक्क गुणगुणत होती.

रविवारी सीमाताई आल्या. प्रणालीची बॅग भरलेली, डोळे भरलेले. किसनराव पोह्यांवर शेव घेत होते.

"बाबा, ४१६३७ हा नंबर ओळखीचा आहे?"

"नाई बा."

"कसा असेल? पास झालेल्यांत तो नाहीच!" तिनं मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. "पंचाहत्तर साली जो स्वतः नापास झाला, त्यानं माझ्या पोरीचे मार्क काढू नयेत!"

सीमाताईंनी बशी खाली ठेवली. किसनरावांनी मात्र आणखी शेव घेतली.

"मी तं त्र्याहत्तरचा पास आहो. सर्टिफिकेट बँकेच्या लॉकरात आहे. तुले कुठी भेटला हा नंबर?"

"तुमच्या पेटीत. झाकणावर!"

"माही कायची पेटी? थे तं हिनं लग्नात माहेराहून, भातकुलीहून आनेल आहे!"

सगळ्यांच्या माना दुर्गाबाईंकडे वळल्या. चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"दुर्गे!" किसनराव गरजले. "तुह्या बापानं तं पोरगी मॅट्रिक पास सांगतली होती! सत्तेचाळीस वर्सं मी साऱ्या सोयऱ्यायले सांगून राह्यलो!"

"मंग?" दुर्गाबाई कडाडल्या. "नापास म्हनून पेपरात लिहेल होतं काय कुठी?"

मग त्या सावकाश सुनेकडे वळल्या. पौर्णिमानं मोबाईल पदराआड लपवला.

"सीमे, घेऊन जाय प्रणालीले."

"आई! तुम्हीच तर म्हणाला होतात, कुठे जाऊ देत नाही..."

"आन् इच्या मायलेही ने संग," दुर्गाबाई म्हणाल्या. "लय आवड आहे तिले अभ्यासाची!"