पान दोनशे सतरावरचा चकोर

"महोदय, आपल्या कोशात पान दोनशे सतरावर एक चूक आहे." पत्राचं हे पहिलंच वाक्य वाचून शटरकाकांचा घास तोंडातच राहिला.

फिल्मचे कॅमेरे दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवल्यावर काकांनी आणखी अकरा वर्षं खर्चून संग्राहकांसाठी हा कोश रचला होता. सहाशे बारा जुने कॅमेरे. प्रत्येकाचं साल, भिंग, क्रमांक, खोडी. कोशात बघितल्याशिवाय संग्राहक मंडळी भिंगाचं झाकणसुद्धा विकत घेत नसत. अशा कोशात चूक म्हणजे काकांचं नाकच कापलं जाणं.

काकूंनी पत्र ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "चकोर-दोन या कॅमेऱ्याचं बटण दाबलं की टिक होते आणि थोड्या वेळाने, कुणाचं लक्ष नसताना, पुन्हा एकदा होते, असं आपण लिहिता. 'थोड्या वेळाने' हे फार मोघम आहे. बरोबर चार सेकंदांनी होते. मी मोजलं आहे." खाली जुन्या वस्तूंच्या एका दुकानाचा शिक्का होता.

"मग लिहा की चार सेकंद. त्यात एवढं पांढरंफटक पडायला काय झालं?"

"अगं, चकोर-दोन नावाचा कॅमेराच नाहीये जगात!"

मग काकांनी दार लावून घेतलं आणि बायकोला अकरा वर्षांत न सांगितलेली गोष्ट सांगितली. कोश करणारे कधीकधी अशी युक्ती करतात: एक नोंद मुद्दाम खोटी घालायची. कुणी कोश जसाच्या तसा उचलला की ती खोटी नोंदही त्याच्या पुस्तकात जाते आणि चोर आपसूक सापडतो. सहाशे अकरा खऱ्या कॅमेऱ्यांनंतर एका दुपारी काकांनी चहा पिता पिता चकोर-दोन रचला होता. हिरवं चामडं, क्रमांक तीस हजार चारशे सतरा, आणि गंमत म्हणून ती दुसरी टिक.

"कुणीतरी फिरकी घेतंय तुमची," काकू म्हणाल्या. काकांनाही ते पटलं आणि त्यांनी पत्र फाडून टाकलं. महिन्याभराने त्याच दुकानाचं दुसरं पत्र आलं. त्यात फक्त दोन वाक्यं होती. "चकोर विकला. आता मला झोप लागते."

हे पत्र मात्र काकांनी फाडलं नाही. ते उशीखालीही ठेवलं नाही. स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे ठेवलं, आणि का ठेवलं ते काकूंनी विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभराने रुमालवाल्यांचा कोश बाजारात आला. कुठलाही कॅमेरा रुमालात धरल्याशिवाय हात न लावणारे हे गृहस्थ म्हणजे काकांचे जुने प्रतिस्पर्धी. काकांनी घाईघाईने पानं उलटली. चकोर-दोन! हिरवं चामडं! दोनदा टिक!

"सापडला!" काका ओरडले. भीती कुठल्या कुठे पळाली. त्यांनी बसल्या बैठकीला आपल्या प्रकाशकांना सही करून पत्र लिहिलं: रुमालवाल्यांनी माझा कोश चोरला आहे. चकोर-दोन खरोखर असल्याचं कुणी दाखवलं, तर माझा कोश मी बाजारातून काढून घेईन आणि कॅमेऱ्यांवर पुन्हा एक ओळही लिहिणार नाही.

"शेवटचं वाक्य खोडा," काकू म्हणाल्या.

"का खोडू? नसलेला कॅमेरा आणणार कुठून तो?"

रुमालवाल्यांनी तो बुटांच्या खोक्यातून आणला. प्रकाशकांच्या कचेरीत, भर अकरा वाजता, रुमाल उलगडून त्यांनी तो टेबलावर ठेवला. हिरवं चामडं. काकांनी चष्मा पुसला, भिंग लावलं, तळ पाहिला. तीस हजार चारशे सतरा.

"दाबू?" रुमालवाल्यांनी विचारलं.

टिक.

पंखा फिरत होता. प्रकाशकांनी सुटकेचा श्वास सोडून कप उचलला.

टिक.

चहा प्रकाशकांच्या विजारीवर सांडला. काका उभ्याउभ्या घामाने भिजले. आपण चहा पिता पिता रचलेली वस्तू समोर बसून आपल्याकडे बघते आहे, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"आत फिल्म अडकलीय," रुमालवाले हळूच म्हणाले. "म्हणून मी उघडला नाही. माझी हिंमतच होत नाही, खरं सांगायचं तर. तुम्ही बघता?"

काकांना नाही म्हणवेना. त्यांनी खोकं घरी आणलं आणि डार्करूममध्ये फिल्म धुतली. शेवटची चित्रं एकावर एक चढून काळी झाली होती. पहिलं मात्र उमटलं. पुसट, पण उमटलं. एक लहान मूल हातात पेचकस घेऊन कॅमेऱ्यावर चाल करून येत होतं.

काकूंनी ओला कागद उजेडात धरला. "अहो, मागे बघा. हे आपलं कपाट!"

"आपलं?"

"सासऱ्यांचं नाही का, आतल्या खोलीतलं! आणि या पोराची भुवई बघा मधेच तुटलीय." त्यांनी नवऱ्याच्या तुटक्या भुवईकडे पाहिलं. काकांचा हात आपोआप तिथे गेला.

दोघं आतल्या खोलीत गेले. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. रोज शर्ट काढताना काकांच्या डोळ्यांसमोर यायचं, पण कधी वाचलं नव्हतं. तीस हजार चारशे सतरा.

काकांनी मोठ्या बहिणीला फोन लावला.

"अक्का, बाबांकडे कॅमेरा होता?"

"होता की. हिरवा. हरवला तर असावा म्हणून नंबरही लिहून ठेवला होता त्यांनी. तू चार वर्षांचा होतास. आवाज कुठून येतो बघायला पेचकस घेऊन पुढची चकती खोललीस आणि आपल्या मनाने परत बसवलीस. तेव्हापासून मेला दोनदा वाजायला लागला! बाबांनी वैतागून फिल्मसकट विकून टाकला. तू तीन दिवस रडत होतास."

काकांनी फोन ठेवला. त्यांना हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. कोशातली एकमेव खोटी नोंद खरी होती, खोडही त्यांनीच केलेली होती, आणि एका निरपराध माणसाला ते चोर म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांच्या कचेरीत काकांनी टेबलावर बुटांचं खोकं आणि फोटो ठेवला, सगळी हकीकत सांगितली आणि हात जोडले. "रुमालवाले, चुकलो. चकोर खरा आहे. शब्द दिलाय तो पाळतो. माझा कोश आजच मागे घेतो."

प्रकाशक काही बोलणार, तेवढ्यात रुमालवाल्यांचा चेहरा पडला. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, मान पुसली, शेवटी डोळेही पुसले.

"तसं करू नका हो. मला रात्रभर खात बसेल ते."

"का? तुम्ही तर स्वच्छ आहात."

"चकोराच्या बाबतीत आहे." रुमालवाले जमिनीकडे बघत म्हणाले. "ती एकच नोंद मी कॅमेरा हातात घेऊन, स्वतः बघून लिहिली. बाकीच्या सहाशे अकरा..."

त्यांना वाक्य पुरं करवेना. बुटांच्या खोक्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

टिक.