दहा नंबरला वाट द्या

यंत्रमानवाला फुटबॉल शिकवण्याची जगभरची पद्धत साफ चुकीची आहे, असं प्यो ग्युसिकचं ठाम मत होतं. लोक त्याला नियम लिहून देत बसतात. ग्युसिक काहीच लिहून देणार नव्हता. तो नुसते खरे सामने दाखवणार होता. बघून बघून यंत्रमानव आपोआप शिकतील. "पोरं कशी शिकतात? बघूनच ना?" असं दैजॉन शहरातल्या आपल्या प्रयोगशाळेत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवत असे. स्वतःला पोर नसल्यामुळे हे त्याला अगदी खात्रीने सांगता येई.

खात्री बाळगणं भागही होतं. त्याची पीएचडी इतकी रेंगाळली होती, की सणाला घरी गेल्यावर आत्या-मावश्या आता लग्नाचंसुद्धा विचारत नव्हत्या. त्याच्या मार्गदर्शकांनी, नामगुंगसरांनी, शब्द दिला होता: बुसानच्या यंत्रमानव फुटबॉल स्पर्धेत आपला संघ उपांत्य फेरीत गेला, की तुझा प्रबंध परीक्षकांसमोर ठेवतो. सरांचा स्पर्धांवर फार जीव. प्रयोगशाळेत सगळेच यंत्रमानव हुशार असतात, त्यांची लाज मैदानात निघते, आणि लाज निघाली की संशोधन पुढे सरकतं, हे ते प्रत्येक भाषणात सांगत.

आता यंत्रमानवांना सामने दाखवायचे कुठले? टीव्हीवरच्या खेळाडूंसारखं पळणं त्यांना झेपणारं नव्हतं. पण प्रयोगशाळेतल्या मंडळींचा स्वतःचा सामना दर शुक्रवारी होई. त्यांचं पळणं यंत्रमानवांना सहज झेपण्यासारखं होतं. ग्युसिकने मैदानाभोवती कॅमेरे लावले. साठीला टेकलेले नामगुंगसर दहा नंबरचा शर्ट घालून उतरत आणि दर शुक्रवारी गोल करत.

हे गोल कसे होत, ते सांगायला हवं. चेंडू सरांकडे गेला की समोरच्या पोरांना एकाएकी दम लागे. कोणी बुटाची नाडी बांधायला वाके. कोणी दोन पावलं बाजूला सरून आभाळ बघे. गोलरक्षक चेंडू कुठे चाललाय ते नीट पाहून घेई आणि मग विरुद्ध बाजूला झेप टाके. त्यानंतर सगळे टाळ्या वाजवत, आणि खूश झालेले सर सगळ्यांना जाळीवर भाजलेलं डुकराचं मांस खायला नेत. असं खेळा म्हणून कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सैन्यातली सक्तीची नोकरी करून आलेल्या पोराला साहेबाच्या पायातला चेंडू मुळी दिसतच नाही. ग्युसिकलाही दिसत नसे. त्यामुळे आपण यंत्रमानवांना नेमकं काय दाखवतोय, हेही त्याला दिसलं नाही.

बुसानला पहिले सामने झकास झाले. यंत्रमानव पळाले, पडले, उठले, गोलही मारले. उपांत्यपूर्व फेरीत तैवानचा एक संघ समोर आला. त्यांच्या एका यंत्रमानवाचा खुबा बिघडलेला होता, लग्नात जेवून उठलेल्या माणसासारखा तो डुलत चाले. कोणीतरी हौसेने त्याच्या पाठीवर दहा नंबर रंगवला होता.

त्याच्या पायात चेंडू आला आणि ग्युसिकचा सगळा संघ थबकला.

शेजारी बसलेली त्याची धाकटी सहकारी, ओक बोरम, संगणकाच्या पडद्याकडे वाकून बघू लागली. "ग्युसिकदादा, आपला तीन नंबर काय करतोय?"

"पडला असेल."

"पडला नाही. नाडी बांधतोय."

"त्याला बूट कुठे आहेत?"

"तेच म्हणते मी."

बाकीचे दोघे बाजूला सरून छताकडे बघत होते. दहा नंबर डुलत डुलत मधून गेला. त्याने चेंडूला जेमतेम ढोसलं. गोलरक्षकाने चेंडू नीट पाहून घेतला आणि विरुद्ध बाजूला अंग टाकलं. मग ग्युसिकच्या संघाने एका रांगेत उभं राहून टाळ्या वाजवल्या.

प्रेक्षकांनी आधी हसून घेतलं, मग त्यांना गहिवरून आलं. गोल होत राहिले, टाळ्या वाजत राहिल्या. संघ दारुण हरला आणि त्याला खिलाडूवृत्तीचं खास पदक मिळालं. पदक गळ्यात घालून नामगुंगसर मागच्या रांगेतून खाली आले.

"एवढा दिलदारपणा हे कुठे शिकले रे?"

बोरम आपल्या बुटांकडे बघू लागली. उपांत्य फेरी गेलीच होती. ग्युसिकजवळ आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"शुक्रवारी, सर."

सरांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी पदक काढून खिशात ठेवलं. त्यांनी ग्युसिकला सोडून बोरमला विचारलं, "माझ्या गोलांतले खरे किती होते?"

बोरमने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एक होता, सर. त्या दिवशी गोलरक्षक फोनवर बोलत होता."

दैजॉनला परतेपर्यंत सर गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते. उतरताना एवढंच म्हणाले, की माणसं जे बोलत नाहीत तेही यंत्र शिकतं, हे इतकं स्वच्छ आजवर मी कुठे पाहिलं नाही. हेच लिही, मी पुढे पाठवतो. माझं नाव मात्र घालू नकोस. ग्युसिकने प्रबंधात 'एक ज्येष्ठ खेळाडू' असं घातलं. मुखपृष्ठावर मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव होतंच.

तोंडी परीक्षेला पाच परीक्षक बसले. पाचही प्राध्यापक, पाचही सरांच्या वयाचे किंवा वरचे. ग्युसिकने शुक्रवारचं चित्रण दाखवलं, मग बुसानचं. कोणी हसलं नाही. अध्यक्ष, प्राध्यापक थाक, आपल्या विद्यार्थ्यांशी बॅडमिंटन खेळत आणि कधी हरत नसत. त्यांच्या डावीकडच्यांचा टेबल टेनिसमध्ये दबदबा होता. उजवीकडचे डोंगर चढताना नेहमी पोरांच्या पुढे असत.

बराच वेळ कागद चाळून अध्यक्षांनी विचारलं, "हा प्रकार... तुमच्याच प्रयोगशाळेत होतो का?"

ग्युसिकने कोपऱ्यात बसलेल्या नामगुंगसरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते.

"हो, सर," तो म्हणाला. "फक्त आमच्याकडेच."

अध्यक्षांनी श्वास सोडला आणि प्रबंधावर मंजुरीचा ठसा उमटवायला खिशातून आपला शिक्का काढला. त्यांच्या पाठोपाठ, वयाच्या क्रमाने, बाकीच्यांनीही काढले.