मोकाशींना माणूस दाखवा

मोकाशी हॉटेलात गेले की मेन्यूकार्ड बघत नाहीत, आचारी बघतात. डोंबिवलीत फडके रोडजवळच्या एका हॉटेलात मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेलो, तेव्हा वेटरने पाण्याचे ग्लास ठेवले आणि मोकाशी शांतपणे म्हणाले, "मिसळ कोण करतं? माणूस दाखवा." वेटरला वाटलं, तक्रार आहे. त्याने मॅनेजरला आणलं. मोकाशींनी मान हलवली. "हे नव्हेत. ज्यांच्या हातात झारा असतो, ते." शेवटी गळ्यात पंचा टाकलेला, घामाघूम आचारी बाहेर आला. मोकाशींनी त्याला गाव विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का विचारलं, आणि दोन मिसळी मागवल्या. मिसळ उत्तम होती. मला त्याचंच वाईट वाटलं.

खोटं कशाला बोलू, मी या माणसावर जळतो. अकरा वर्षं आमच्या सोसायटीच्या सहली मी ठरवत आलो. बसमधली पहिली सीट माझी, गळ्यातली शिट्टी माझी, आणि पोहे कमी पडले तर शिव्याही माझ्याच. मग तीन वर्षांपूर्वी मोकाशी दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. बँकेतून निवृत्त, अंगाने किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. आल्या आल्या त्यांनी गच्चीच्या गळतीसाठी आलेल्या कंत्राटदाराला "मुकादम दाखवा" म्हणून परत पाठवलं. पुढच्या पावसाळ्यात गच्ची गळली नाही, आणि लोकांनी मला काही विचारणंच सोडलं. आमच्या घरातसुद्धा तीच तऱ्हा. मी गुडघ्यासाठी एखादा डॉक्टर सुचवला की नीला, म्हणजे माझी बायको, म्हणते, "थांबा हं. मोकाशींनी बघितलंय का त्यांना, विचारते."

यंदा सहल खाडीत काढायची ठरली. होडीतून तिवरांचं जंगल आणि फ्लेमिंगो बघायचे. मीटिंगमध्ये आमचा सेक्रेटरी सावंत, वयाने माझ्या मुलाएवढा, म्हणाला, "बोटवाला मोकाशीकाका फायनल करतील. करमरकरकाका, तुम्ही बस आणि नाश्ता बघा ना."

बस आणि नाश्ता! अकरा वर्षांच्या सेवेनंतर मला बटाटेवड्यांवर बसवलं होतं. मी हसून "हो हो" म्हणालो आणि घरी येऊन दोन चपात्या कमी खाल्ल्या.

माझा बोटवाला मी आधीच हेरून ठेवला होता. ठाण्यात गारेगार ऑफिस, भिंतभर गुलाबी पक्ष्यांचा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'फ्लेमिंगो हमखास'. मीच मोकाशींना तिथे घेऊन गेलो. म्हटलं, बघा, निवड कशी करतात ते.

काउंटरवरचा तरुण लॅपटॉप वळवून फोटो दाखवू लागला. मोकाशींनी लॅपटॉप हळूच बंद केला. "होडी कोण चालवतं? माणूस दाखवा."

"सर, बोटमन रोज चेंज होतो. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

मोकाशींनी खुंटीवरचं लाइफ जॅकेट काढलं, अंगात घातलं, पट्टे आवळले आणि सोफ्यावर दहा मिनिटं तसेच बसून राहिले. आत आलेल्या एका बाईंनी त्यांना बघून मला विचारलं, "ट्रेनिंग इथेच देतात का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोकाशींनी मात्र निवांतपणे दोन प्रश्न विचारले. पहिला, "पक्षी दिसले नाहीत तर?"

"दिसणारच सर. गॅरंटी."

"आणि मध्येच कोणाला भीती वाटली, तर होडी परत वळवाल?"

तो हसला. "वीस जणांचं बुकिंग असतं सर. एकासाठी कशी वळवणार?"

मीही हसलो. मोकाशींनी जॅकेट खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, "चला, करमरकर."

पुढचे चार रविवार हेच चाललं. बोटवाले नवे, पण जॅकेट घालून बसणं तेच आणि दोन प्रश्नही तेच. एकाने तर पुढच्या वेळी आम्हाला बघून शटरच अर्धं खाली ओढलं. मी दर वेळी बरोबर जायचो, केवळ मोकाशी कंटाळून हरतील या आशेने. पाचव्या रविवारी आम्ही खाडीकाठच्या एका गावात पोचलो. तिथे एक पन्नाशीचा माणूस आपल्या होडीला रंग देत बसला होता. ऑफिस नाही, फोटो नाही. मोकाशींचा चेहरा उजळला, कारण माणूस समोरच होता.

पक्ष्यांची गॅरंटी विचारल्यावर तो म्हणाला, "पाखरांना काय मी पगार देतंय? भरती भरली की चिखल बुडतो, पाखरा लांब जातान. पार सुकती झाली त होडी रुतते. मधला टाइम मी सांगन, तवा या. मग तुमचा नशीब."

"मध्येच कोणाला भीती वाटली तर वळवाल?"

"वलवू की. घाबरलेल्या मानसाला पुढं नेऊन काय दाखवाचा?"

मोकाशींनी तिथल्या तिथे तारीख पक्की केली. मला मनातून आनंद झाला. पक्षी दिसण्याची खात्री नसलेला होडीवाला! होडी तरंगो, पण मोकाशींची पत एकदाची बुडो, अशी मी प्रार्थना केली. असं मागणं बरं नव्हे, हे मला कळत होतं. तरी केली.

सहलीच्या सकाळी मोकाशी बसपाशी आले ते बायकोचा हात धरून. कुमुदताईंना आम्ही तीन वर्षांत फारसं पाहिलं नव्हतं. मला त्या शिष्ट वाटायच्या. बसमध्ये नीला माझ्या कानाशी म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर त्या बाहेरच पडत नव्हत्या हो. छातीत धडधडतं म्हणे. मोकाशी रोज सकाळी त्यांना गेटपर्यंत आणतात आणि त्या तिथूनच मागे फिरतात."

होडी निघाली. दोन्ही बाजूंना तिवरं, त्यांची चिखलातून वर आलेली मुळं, एका फांदीवर खंड्या. वळण घेतलं आणि लांबवर, उघड्या पडलेल्या चिखलावर, गुलाबी रेघ दिसली. सावंत मोबाइल घेऊन अर्धवट उभा राहिला. त्याच वेळी कुमुदताईंनी होडीची कड घट्ट पकडली. "अहो, मला परत जायचंय. मला परत जायचंय."

मोकाशींनी हात वर केला. होडीवाल्याने लगेच होडी वळवली.

गुलाबी रेघ मागे पडली. होडीत चुळबुळ सुरू झाली. "पाच मिनिटांत पोचलो असतो," कोणीतरी म्हणालं. सावंत माझ्याकडे सरकला. "काका, तुमचाच बोटवाला बरा होता." तीन वर्षं मी या वाक्यासाठी जीव टाकत होतो. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून मोकाशींचा आवाज आला.

"किती लांब आलो बघ, कुमुद. गेटच्या बाहेर, ठाण्याच्या खाडीत! पुढच्या वेळी अजून थोडं."

"सगळ्यांचा विरस झाला माझ्यामुळे," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"करमरकर आहेत ना. ते सगळ्यांना सांभाळून घेतात."

मी उघडलेलं तोंड मिटलं. मग सावंतला म्हणालो, "अरे, पाणी उतरतंय. अजून पुढे गेलो असतो तर चिखलात रुतलो असतो. चला, वडे गरम आहेत." ही चक्क थाप होती. होडीवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागला.

परतताना बसमध्ये नीला खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "तुला भीती वाटली का गं होडीत?"

"वाटली ना. दर वेळी वाटते."

"दर वेळी म्हणजे?"

"अलिबागला वाटली, मुरुडला वाटली. मालवणला तर मी डोळेच मिटून घेतले होते. मला पोहता कुठे येतं?"

"मग बोलली नाहीस ती?"

"कोणाला बोलणार? तुम्ही पुढे उभे राहून डोकी मोजत होतात."

ती हे रागाने म्हणाली नाही. दोन सीट पुढे कुमुदताई मोकाशींच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या, आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून मोकाशी अवघडून, मान वाकडी करून बसले होते. त्या वाकड्या मानेचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कशाचाच वाटला नाही.