बारा मिनिटांचं आइसलँड

सोमवारी दुपारी साडेतीनला नववी ब च्या अख्ख्या वर्गाला हेलिकॉप्टरनं ज्वालामुखीवरून फिरवून आणणार, असं दीक्षानं आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं. पट्टे बांधायची गरज नाही, फक्त तोंडं बंद ठेवा.

ही काही थाप नव्हती. तिचा सुमितमामा आइसलँडला नोकरीला होता. त्याच्या ऑफिसनं सगळ्यांना हेलिकॉप्टरची सफर दिली होती आणि उडताना तो व्हिडिओ कॉल करणार होता. खाली उकळता लाव्हा, पलीकडे हिमनदी आणि सोबत दीक्षाचं निवेदन! भूगोलाच्या मल्लिनाथ सरांनी प्रोजेक्टर लावून दिला आणि म्हणाले, "जे दिसेल त्याचं निरीक्षण प्रत्येकानं दहा ओळींत लिहायचं. ज्याचं उत्तम, तो जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेतर्फे बोलणार."

म्हणजे दीक्षाच की. मामा तिचा, म्हणजे ज्वालामुखीही तिचाच. भाषणाच्या दिवशी घालायचा ड्रेस तिनं इस्त्री करून ठेवला.

चूक एकच झाली. तिनं हे घरी सांगितलं.

सव्वातीनला आजी, म्हणजे मीनाबाई, आईला घेऊन वर्गात हजर. अंगावर नवं लुगडं. पहिल्या बाकावरच्या दोन पोरांना "सरका रं जरा" म्हणून त्या ऐटीत बसल्यासुद्धा.

"आजी, हा अभ्यासाचा तास आहे."

"कर की अभ्यास. आमी कुटं नको म्हणतोय? फोनवर लेकरू बोटभर दिसतंय. हितं भिंतीएवढं दिसंल."

आणि दिसलं. साडेतीनला कॉल लागला आणि भिंतीवर मामा अवतरला. फोन त्यानं मांडीजवळ धरलेला. त्यामुळे खाली हनुवटी, वर छत आणि मध्ये दोन नाकपुड्या, प्रत्येक नाकपुडी खिडकीएवढी. वर्ग खदखदला.

"मामा, कॅमेरा फिरव. सफर बाराच मिनिटांची आहे."

"फिरवतो. हे बघा खाली..."

भिंतीवर अर्धा सेकंद काहीतरी लाल चमकलं.

"सुमित, तोंड कुटं गेलं तुजं?" आजी ओरडली.

मामा आपल्या आईच्या शब्दाबाहेर नव्हता. कॅमेरा पुन्हा नाकावर.

"कानाला काय बांधलंयस?"

"हेडफोन आहे आई. लई आवाज असतो इथं."

"न्हाय न्हाय, सर्दी झालीया तुला. नाक बघ कसं लाल झालंय."

नेमका तेव्हाच मामा शिंकला. आजीचा मुद्दा सिद्ध झाला. मग वाफ कशी घ्यायची, ओव्याची पुरचुंडी कशी शेकायची, हे दीक्षाच्या आईनं आइसलँडच्या आभाळात तीन मिनिटं समजावून सांगितलं. दीक्षानं डोळ्यांत प्राण आणून सरांकडे पाहिलं. सर उठले. चला, आता सगळ्यांना गप्प करणार!

सर प्रोजेक्टरपाशी गेले. "काय सुमित, ओळखलंस का?"

"सर? तुम्ही अजून त्याच शाळेत?"

"भूगोलाच्या तासाला झोपायचास की रे तू."

"तास जेवणानंतर असायचा ना सर."

आणखी दोन मिनिटं गेली. दीक्षाच्या कानशिलांतून आता खरोखरच वाफा येत होत्या. तेवढ्यात मामाच्या खांद्याशेजारी सोनेरी केस दिसले.

"ती बाई कोण?" आजी सावध झाली.

"पायलट आहे."

आजीनं आईकडे पाहिलं, आईनं आजीकडे. मामा एकतिसाव्या वर्षात होता.

"दीक्षे, इचार तिला, लगीन झालंय का म्हणून."

"आजी, ती हेलिकॉप्टर चालवतेय."

"म्हणून तर. कर्ती पोरगी हाय."

सगळा वर्ग बाकांवरून पुढे झुकला. लाव्हासाठी एकजणही एवढा झुकला नव्हता. सर हळूच म्हणाले, "विचार. पण व्याकरण सांभाळ, शाळेच्या नावाचा प्रश्न आहे."

दीक्षानं दात-ओठ खात इंग्रजीत विचारलं. पायलटबाई मनापासून हसली. लग्न झालंय, दोन मुलं आहेत, आणि नवरा मागच्याच सीटवर बसलाय. मागून एका दाढीवाल्यानं हात हलवला.

"आई," मामाचा आवाज बारीक झाला, "ते माझे साहेब आहेत."

दाढीवाला अजून हात हलवतच होता.

"बरं," आजी म्हणाली, "मग फिरव आता तो कॅमेरा."

कॅमेरा फिरला. चकचकीत डांबर, तीन गाड्या, नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस. हेलिकॉप्टर उतरलं होतं.

दीक्षानं हार मानली नाही. भूगोलाच्या पुस्तकातून विवर, शिलारस, हिमनदी, सगळं उचलून तिनं दहा झणझणीत ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी वही परत आली. शून्य.

"सर, यात एक तरी चूक दाखवा."

"एकही नाही. पण हे तू पाहिलंस कुठं? मी निरीक्षण लिहायला सांगितलं होतं." सरांनी दुसरी वही उचलली. "शिवूचा पहिला नंबर. ऐका. 'समोर शेजारी शेजारी दोन विवरं दिसली. आत अंधार होता, कडेनं थोडं गवत होतं. चौथ्या मिनिटाला दोन्हींचा एकदम उद्रेक झाला. नंतर रुमालानं परिस्थिती आटोक्यात आणण्यात आली.'"

वर्ग बाकं बडवून हसला. दीक्षा हसली नाही. हा घोर अन्याय होता. ज्वालामुखी तिच्या घरचा आणि भाषण शिवूचं.

मधल्या सुट्टीत शिवू अदबीनं तिच्या बाकापाशी आला.

"दीक्षा, प्रदर्शनात मॉडेलपण ठेवावं लागतं म्हणे. मामा सोलापूरला कधी येणारेत?"