अधिक संशोधनाची गरज

होकार द्यायचा म्हणजे एक शब्द. पण फिक्री मास्तरांना तो संध्याकाळपासून सापडत नव्हता.

दोष फ्रिजवरच्या कागदाचा. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी इंग्रजीत एक शोधनिबंध लिहिला होता: तुरमुस या कडधान्याच्या दाण्यांचा कडूपणा किती पाण्यांत जातो. पहिलंच वाक्य होतं, 'अलेक्झांड्रियाचा तुरमुस जगात सर्वोत्तम आहे, हे निर्विवाद.' नियतकालिकाच्या निनावी परीक्षकानं निबंध तीनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा 'इतकं ठाम लिहू नये' अशा शेऱ्यासोबत संशोधनात शोभणाऱ्या इंग्रजी वाक्प्रयोगांची यादीच जोडली. मास्तरांनी ती फ्रिजवर चिकटवून चार महिने उठता-बसता घोकली. मग ती अरबीतूनही बाहेर पडू लागली. चहात साखर बरोबर आहे का, असं बायकोनं विचारलं की उत्तर यायचं, "तसे संकेत मिळतात."

आज मास्तरांच्या मुलीला, मेरवतला, मागणी घालायला मंडळी आली होती. सोफ्याच्या मधोमध मुलाची आई एल्हामबाई, शेजारी घामाघूम वजीह, आणि कोपऱ्यात त्याचे मामा डॉक्टर रऊफ. मामांनी आल्यापासून फक्त बासबूसा, म्हणजे रव्याचा पाकातला केक, खाल्ला होता. दाराआड मास्तरांची बायको इन्साफ लाल सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. होकार आला की आत शिरून आनंदाची किलकारी ठोकायची, एवढंच तिचं काम.

"मग मास्तर," एल्हामबाईंनी विचारलं, "सोयरीक पक्की करायला वाचायचा ना फातिहा? आमचा वजीह पसंत आहे ना?"

"उपलब्ध पुराव्यांवरून," मास्तर म्हणाले, "मुलगा चांगला असण्याची शक्यता दिसते."

इन्साफ ट्रेसकट आत आली.

"पुरावे?" एल्हामबाई ताठ झाल्या. "कुठून गोळा केलेत? पोलीसचौकीतून?"

इन्साफ ट्रेसकट मागे गेली.

"छे छे! पुरावे अगदीच मर्यादित आहेत. मात्र दुसरी बाजूही विचारात घेतली तर..."

"ऐकलंस वजीह? दुसरं स्थळ आलंय यांना!"

"आई, गप्प बस ना गं!"

"तू गप्प बस! अरे, कलिंगडवालासुद्धा न कापता लाल असल्याची शपथ घेतो, आणि हे?"

इन्साफनं दारातूनच दात-ओठ खाल्ले. "अहो, 'हो' म्हणा! एक अक्षर आहे!"

"हो," मास्तर म्हणाले. इन्साफची किलकारी सुटली. "असं ठामपणे म्हणण्यापूर्वी अधिक संशोधनाची गरज आहे."

किलकारीचा मध्येच ठसका झाला, ट्रे कलंडला आणि सरबत एल्हामबाईंच्या पांढऱ्या बुटांवर गेलं.

"माझ्या पोरावर संशोधन?" त्यांनी पर्स उचलली. "चल रे वजीह!"

आतल्या खोलीतून मेरवतचा हुंदका ऐकू आला.

तेवढ्यात कोपऱ्यातून खुसखुस ऐकू आली. डॉक्टर रऊफ घास आवरत हसत होते.

"मास्तर, तुमच्याकडे एक यादी आहे का हो? पंचवीस ओळींची? शेवटची ओळ हीच, संशोधनाची?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीच पाठवली. तुरमुसाचा निबंध तुमचाच ना?" ते बहिणीकडे वळले. "बस गं. हा माणूस माझ्या सांगण्यावरून असं बोलतोय." मग मास्तरांना म्हणाले, "परीक्षक म्हणून सांगतो, आजच्यापुरतं ठाम बोला."

मास्तर उठून उभे राहिले. चार महिने कोंडलेलं सगळं एकदम सुटलं. "मेरवत जगात सर्वोत्तम आहे, हे निर्विवाद! वजीह दुसरा! मेरवत कालच हो म्हणाली, मीही हो म्हणतो! हो, हो, हो!"

"दुसरा?" असं पुटपुटत एल्हामबाई ओल्या बुटांनिशी खाली बसल्या. इन्साफची किलकारी तीन मजले ऐकू गेली. फातिहा वाचून झाला.

मग मास्तर हळूच डॉक्टरांजवळ सरकले. "डॉक्टरसाहेब, आता आपण सोयरे. माझा निबंध...?"

डॉक्टरांनी बासबूशाच्या शेवटच्या तुकड्याकडे हात नेला. "स्वीकारला जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. मात्र..."

मास्तरांनी बशी उचलून आपल्या मांडीवर ठेवली.