डावा माउस की उजवा

चहाचा कप कलंडला तेव्हा चष्मेवाला खरं तर बायकोवर उपकार करत होता.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला तिची फायनल होती. बायको दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि घरी आल्यावर हेडफोन चढवून कॉम्प्युटरवर बंदूक चालवायची, हा तिचा नेम. गोळीबाराचा खेळ. पडद्यावर आपण स्वतः दिसत नाही, दिसते फक्त आपली बंदूक आणि समोरून येणारा शत्रू. तिथे तिचं नाव होतं ‘अक्कलदाढ’. पाच जणांच्या संघाची ती कप्तान. बाकीच्यांत एक औषधवाला, एक गणिताची शिक्षिका आणि दोन जुळे भाऊ. मागच्या वर्षी हा संघ फायनलच्या दारातून परत आला होता, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती घरात ‘हं’ आणि ‘नको’ या दोनच शब्दांवर भागवत होती. म्हणून आज ती दवाखान्यात गेल्यावर चष्मेवाल्याने ठरवलं, निदान तिचं टेबल तरी पुसून ठेवावं.

त्याने टेबल पुसलं, पडदा पुसला, कीबोर्डच्या फटींतून ब्रश फिरवला. मग स्वतःच्या कामगिरीकडे जरा लांबून पाहावं म्हणून मागे सरकला, आणि त्याचं कोपर कपाला लागलं.

कपभर चहा माउसवर. माउसच्या पोटातला लाल दिवा दोनदा मिचमिचला आणि विझला.

इथपर्यंत कदाचित निभावलं असतं. पण चष्मेवाला हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. त्याने केस वाळवायचं यंत्र आणलं आणि माउसवर गरम झोत सोडला. थोड्या वेळाने प्लॅस्टिकची पाठ फुगली, चाक रुतून बसलं, आणि माउसला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा त्याचा एक गाल सुजला.

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने टेबल पुन्हा पुसलं, सगळ्या वस्तू होत्या त्याहून नीट मांडल्या, मेलेला माउस पिशवीत घातला, आपल्या दुकानावर ‘थोड्या वेळात येतो’ची पाटी लावली आणि कॉम्प्युटरच्या दुकानाकडे पळत सुटला.

काउंटरमागे एक मुलगी होती. तिने माउस उलटासुलटा करून पाहिला, हुंगला.

“चहा?”

“हो.”

“आणि नंतर भाजला का?”

“वाळवला,” चष्मेवाला म्हणाला. “अगदी असाच द्या. बायकोचा आहे. तिला कळता कामा नये.”

“हा आता येतच नाही काका. दुसरा बघू आपण. खेळ कुठला खेळतात त्या?”

“गोळ्या घालायचा.”

मुलगी एकदम सावरून बसली. “मग तर नीट बघून घ्यायला हवा. पकड कशी आहे त्यांची? पूर्ण तळवा टेकवतात, बोटं वाकवून धरतात, की नुसत्या टोकांनी?”

चष्मेवाल्याने डोळे मिटून बायकोचा हात आठवायचा प्रयत्न केला. आठवली फक्त तिची पाठ. ती खेळायला बसली की तो पलीकडच्या खोलीत जाऊन बातम्या लावायचा.

“मध्यम,” तो म्हणाला.

“वजन? हलका की जड? हलका भरभर फिरतो, पण काही जणांचा नेम त्याने हलतो.” तिने एक माउस त्याच्या हाताखाली सरकवला, काढला, दुसरा सरकवला. “हा बरा वाटतो, की आधीचा?”

“दोन्ही सारखेच.”

“आता? हा बरा, की हा?”

चष्मेवाला तिच्याकडे बघतच राहिला. त्याचा सगळा जन्म गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत हाच प्रश्न विचारण्यात गेला होता, आणि ‘दोन्ही सारखेच’ म्हणणारं गिऱ्हाईक त्याला अगदी नकोसं व्हायचं. आज ते गिऱ्हाईक तो स्वतः होता.

“बरं, ते राहू दे,” मुलगी म्हणाली. “सोप्पं विचारते. हात कुठला? अंगठ्याची बटणं एकाच बाजूला असतात. उजव्या हाताचा माउस डाव्याला चालत नाही.”

“डावा,” तो ताडकन म्हणाला. बायको डावखुरी होती, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. लिहिते डाव्याने. पण कात्री उजव्याने धरते. चमचा डाव्याने, किल्ली उजव्याने. आणि माउस? तो कीबोर्डच्या कुठल्या बाजूला होता? टेबल तर त्याने स्वतःच्या हाताने दोनदा पुसून, माउस उचलून, साफ करून ठेवलं होतं. जुन्या माउसचा आकारही दोन्हीकडून सारखा.

“फोन करून विचारा ना,” मुलगी म्हणाली.

“आणि काय सांगू? सहज आठवण झाली? ती दवाखान्यात लोकांचे दात काढत असेल.”

“मग जाऊन बघून या. हाताने काम करतात ना त्या?”

एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, याचं नवल करत चष्मेवाला दवाखान्याकडे वळला.

दवाखान्यात बाहेर तीन पेशंट गालावर हात ठेवून बसले होते. मदतनीस बाईंनी त्याला पाहिलं आणि त्यांच्या हातातलं पेन थांबलं. “साहेब? तुम्ही? आज?”

“दात दुखतोय,” चष्मेवाल्याने ठोकून दिलं.

दुखणं मोठं असावं असं समजून त्याला लगेच आत घेतलं. बायकोने तोंडावरचा मास्क न काढता त्याच्याकडे पाहिलं.

“कुठे दुखतंय?”

“इकडे.” त्याने डावा गाल दाखवला.

“कधीपासून?”

“सकाळपासून. नाही, कालपासून.”

“आ कर.”

त्याने आ केला आणि नजर तिच्या हातांवर खिळवली. तिच्या डाव्या हातात टोकदार आकडी होती. उजव्या हातात छोटा आरसा होता. दोन्ही हात एकाच वेळी, एकाच सफाईने चालत होते. मग तिने आकडी ठेवली, उजव्या हाताने दिवा ओढला आणि डाव्या हाताने त्याची हनुवटी वळवली. या बाईला दोन उजवे हात होते.

“इथे दुखतंय?” तिने एका दाढेवर टकटक केलं.

“हो.”

“आणि इथे?”

“इथेही.”

“ही वरची उजवी बाजू झाली. मघाशी डावी सांगत होतास.”

“फिरतंय,” चष्मेवाला म्हणाला. “घरी तू... म्हणजे खेळताना... तुझे हात दुखतात का गं? कुठला जास्त दुखतो?”

बायकोने आरसा खाली ठेवला. “कीड दिसतेय,” ती शांतपणे म्हणाली. “भूल द्यायला लागेल.”

“अगं, एवढं काही नाही...”

“आ कर.”

सुई आत गेली. बायकोने वाट पाहिली, खालचा ओठ चिमटीत धरून पाहिला, पुन्हा आत डोकावली आणि म्हणाली, “आज राहू दे. बाहेर गर्दी आहे. पुढच्या आठवड्यात बघू. जा आता.”

रस्त्यावर आल्यावर चष्मेवाल्याला कळलं की आपलं अर्धं तोंड आपल्या मालकीचं राहिलेलं नाही. आणि हात कुठला, ते अजून कळलेलंच नाही.

दुकानातली मुलगी त्याचीच वाट पाहत होती. “समजलं?”

“आउस,” चष्मेवाला म्हणाला. ओठ मिटेनात, त्यामुळे ‘म’ कुठेतरी हवेतच विरला.

“हौस?”

“आउस! आउस!”

“हौस तर सगळ्यांनाच असते काका, पण डावी की उजवी?”

मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक हसलं. चष्मेवाल्याने दोन्ही हात वर केले, एकमेकांवर आपटले आणि मान हलवली. लाळ हनुवटीवरून ओघळून काउंटरवर पडली. मुलगी जरा मागे सरकली, पण पोरगी हुशार होती. आत जाऊन तिने एक डबा आणला.

“याला दोन्हीकडे बटणं आहेत. कुठल्याही हाताला चालतो. एकच उरलाय.”

चष्मेवाल्याने तो डबा लहान बाळासारखा छातीशी धरला आणि घराकडे धूम ठोकली.

तो माउस जोडून, वायर गुंडाळून, रिकामा डबा पलंगाखाली सरकवतोय तोच दारात किल्ली फिरली. बायको आली, हात धुतले, टेबलाशी बसली. समोर कीबोर्ड होता आणि कीबोर्डच्या अगदी वर, बरोबर मध्यावर, नवा माउस. डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, हे न कळून चष्मेवाल्याने तो मधोमध ठेवला होता.

तिने तो एका बोटाने जरासा ढकलून पाहिला.

“जो माणूस मी हजारदा सांगूनही दात दाखवायला येत नाही,” ती वळून न बघता म्हणाली, “तो फायनलच्या दिवशी आपणहून येतो आणि खुर्चीत आडवा पडून माझे हात मोजतो. मला काय कळणार नाही?”

चष्मेवाल्याने मान खाली घातली.

“कशाने गेला जुना?”

“चआ,” तो म्हणाला.

“मी कुठल्या हाताने खेळते, तुला माहीत नाही?”

बायकोने माउस उचलला, उजवीकडे ठेवला आणि त्यावर हात टेकवला. तळवा जरा उचललेला, बोटं वाकवलेली, अंगठा बाजूच्या बटणावर. चष्मेवाल्याने तो हात डोळे भरून पाहून घेतला. पकड वाकवलेल्या बोटांची होती. हात उजवा होता.

सामन्याला थोडाच वेळ उरला होता. तिने सरावासाठी खेळ सुरू केला आणि माउस जरासा हलवताच बंदूक आभाळाकडे गेली. पुन्हा हलवला, तर जमिनीकडे. “फार पळतोय हा!” तिच्या आवाजात पहिल्यांदाच घाबरेपणा होता. चाकामागे वेग कमीजास्त करायचं बटण होतं. ती ते भराभर दाबायला लागली. “आता फार मंद. आता... कळतच नाहीये. सगळे सारखेच!”

‘सगळे सारखेच’ ऐकल्याबरोबर चष्मेवाल्याच्या अंगात धंदा संचारला. त्याने खुर्ची ओढली, तिचा हात थांबवला, स्वतः बटण दाबलं आणि एक बोट वर केलं. तिने भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरला. त्याने पुन्हा बटण दाबून दोन बोटं वर केली. पुन्हा एक. पुन्हा दोन. घाई नाही, प्रश्न नाही. जरा वेळाने ती म्हणाली, “दोन. दोनच बरं.” बंदूक ठिपक्यावर येऊन जागच्या जागी थांबली.

“बस इथेच,” ती म्हणाली. “पण तोंडातून शब्द काढू नको.”

आणि चष्मेवाल्याने पहिल्यांदाच बायकोला खेळताना पाहिलं. तिचा एक कान हेडफोनखाली, एक उघडा. “औषधवाले, जिना धरा. बाई, खिडकी. जुळ्यांनो, भांडू नका.” मनगट इंचभर हलायचं आणि समोरचा माणूस आडवा व्हायचा. फेरीमागून फेरी गेली, बरोबरी झाली आणि शेवटची फेरी उरली. औषधवाले जिन्यावर पडले. शिक्षिका खिडकीत पडली. जुळे एकापाठोपाठ एक गेले. पलीकडे दोघे उरले, अलीकडे एकटी अक्कलदाढ.

तिने एका गोदामाच्या दारावर नेम धरला. माउस तिने तसूभरही हलू दिला नाही. त्या दारातून पहिला आला आणि आला तसा कोसळला. चष्मेवाल्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. आता एकच. ती त्याच दारावर नजर लावून बसली.

आणि चष्मेवाल्याला दिसलं. पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, फरशीवर, एक सावली सरकली. बायकोची सगळी नजर मधल्या ठिपक्यावर होती. कडेचं तिला दिसत नव्हतं. शत्रू पाठीमागे आला होता. दिलेला शब्द, केलेला गुन्हा, सगळं विसरून तो जिवाच्या आकांताने ओरडला,

“आगे! आगे!”

“अगं काय?” बायको कळवळून म्हणाली. “नंतर बोल ना रे!”

“आगे! आ-गे!”

“अरे, अगं अगं काय लावलंय—”

पडदा लाल झाला.

हेडफोनमधून चार माणसं एकदम बोलायला लागली. तिने तो काढून टेबलावर ठेवला. आवाज मुंग्यांएवढा झाला, मग तोही थांबला. दोघं पडद्याकडे बघत बसले. तिथे शेवटचा क्षण पुन्हा दाखवत होते: गोदामाच्या दारावर डोळे लावून बसलेली अक्कलदाढ, आणि तिच्या पाठीशी, सावकाश चालत येणारा माणूस.

“मागे म्हणत होतास,” बायको म्हणाली.

चष्मेवाल्याने मान हलवली. मग रुमालाने हनुवटी पुसली आणि एकेक अक्षर जुळवत विचारलं, “दातात... कीड... होती का गं?”

तिचा उजवा हात अजून माउसवरच होता. पडद्यावर तो माणूस पुन्हा एकदा मागून चालत आला, पुन्हा गोळी सुटली, पुन्हा सगळं लाल झालं.

“नव्हती,” ती म्हणाली. “तू फारच खोटं बोलायला लागला होतास. म्हटलं, दोन-तीन तास तरी तोंड बंद राहील.”